गावाचं तोंड समुद्राकडे, हमरस्ता पाठीमागे

ऑस्लोहून क्रिस्तियानसांदपर्यंत, नॉर्वेच्या स्कागेराक किनाऱ्याने स्वतः गाडी चालवत जाण्याबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : नकाशावर ऑस्लो ते क्रिस्तियानसांद चार तास दिसतात. वाटेतली क्रागेरो, रिसोर, आरेंदाल, ग्रिमस्ताद ही सगळी गावं तीन दिवसांत आटोपतील ना?

आटोपतील, पण दिसणार नाहीत. ते चार तास ई-१८ या महामार्गाचे आहेत. अंतर सुमारे ३२० किलोमीटर. हा रस्ता आता बहुतेक ठिकाणी चौपदरी आहे. त्वेदेस्त्रांद ते आरेंदाल हा तुकडा २०१९ मध्ये खुला झाला आणि तिथे ताशी ११० ची मुभा आहे. पण या रस्त्यावरून जाताना समुद्र क्वचितच दिसतो. बाकी सगळी झाडी, खडक आणि बोगदे.

कारण साधं आहे. ही गावं जहाजांसाठी वसली. घरांची दारं, गुदामं, चर्चचा मनोरा, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. रस्ता फार उशिरा आला आणि तो मागून आला. म्हणून प्रत्येक गावासाठी महामार्ग सोडून समुद्राकडे उतरावं लागतं. रिसोरला आक्लांदच्या फाट्यावरून ४१६ क्रमांकाचा रस्ता, क्रागेरोला ३८. तिथून पुढच्या गावाला जायला बहुतेकदा परत वर यायचं. या उतरण्या-चढण्याचा वेळ नकाशा मोजत नाही.

पाच रात्री तरी ठेवा, सहा असतील तर उत्तम. त्यातल्या दोन सलग रात्री एकाच गावात काढा. आमचं मत रिसोरच्या बाजूने, कारण तिथून ल्यूंगोरची बेटं आणि त्वेदेस्त्रांद गाव दोन्ही जवळ पडतात. जाताना लहान रस्ते धरा आणि परतीला ई-१८ वरून एका दमात ऑस्लो गाठा. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे पैसे बरेच जास्त पडतात. घेतली तिथेच परत करणं सहसा स्वस्त पडतं.

महामार्गाला समांतर असे तीन तुकडे मुद्दाम घ्यावेत. त्वेदेस्त्रांद ते आरेंदाल ४१० क्रमांकाने, आरेंदाल ते ग्रिमस्ताद फेविकवरून ४२० ने (हा जुना हमरस्ताच), आणि लिल्लेसांद ते क्रिस्तियानसांद होवोगवरून ४०१ ने. शेवटचा सर्वांत वळणांचा. त्यावर वेळ दुप्पट धरा.

प्रश्न : आयुष्यभर डावीकडून गाडी चालवली आहे. तिकडे उजवीकडून. किती अवघड जातं? आणि परवाना कोणता लागतो?

परवान्याचं आधी. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत घ्या आणि मूळ परवानाही ठेवा. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ परवान्याचा अनुवाद. तो एकटा चालत नाही.

गर्दीत उजवीकडून चालवणं सोपं जातं, कारण पुढच्या गाडीमागे जायचं असतं. चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर. सकाळी हॉटेलातून बाहेर पडताना, पेट्रोल पंपावरून डावीकडे वळताना, अरुंद पुलावर थांबून पुन्हा निघताना. समोर गाडी नसली की हात जुन्या सवयीने डावीकडे वळतात. एकच खूण पक्की करा : चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेच्या बाजूला बसलेला असतो. नॉर्वेत समोरासमोरची वाहतूक वेगळी करणारी रेघ पिवळी असते आणि एकाच दिशेच्या मार्गिकांमधली पांढरी. पिवळी रेघ तुमच्या डाव्या हाताला आहे ना, एवढं पाहिलं की झालं.

दुसरी चूक पहिल्या तासाभरात सगळेच करतात. गाडीची उजवी बाजू लांब आहे याचा अंदाज येत नाही आणि गाडी उजव्या कडेला घसटत जाते. या गावांत उजव्या कडेला दगडी जोतं किंवा कुणाची पायरी असते, तेव्हा आरसा आणि चाकाची रिम जाते. गाडी लहान घ्या. आणि वळताना वायपर सुरू झाले तर घाबरू नका. सिग्नलची दांडी तिकडे डावीकडे असते.

खरा धोका मात्र वेगळा आहे, तो म्हणजे उजव्या हाताचा नियम. ज्या चौकात कुठलीही पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुमचा रस्ता मोठा आणि त्याचा बोळ असला तरीही. स्थानिक चालक उजव्या बोळातून न थांबता सरळ बाहेर येतो, कारण हक्क त्याचा आहे. तुमच्या रस्त्यावर पिवळ्या चौकटीची पाटी (कोपऱ्यावर उभी, हिऱ्यासारखी) असेल तर मात्र हक्क तुमचा. ती पाटी संपली की पुन्हा उजवीकडे बघत चला. ताशी ६० किंवा त्याहून कमी मर्यादेच्या रस्त्यावर थांब्यावरून निघणाऱ्या बसलाही वाट द्यावी लागते.

वेग वस्तीत ५०, बाहेर ८०, त्याहून वेगळं असेल तर पाटी असते. जुन्या गावठाणात बहुधा ३०. काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, तेव्हा कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून काही साधत नाही. दंड जबर आहेत. दिवे दिवसाही लावलेले हवेत. बटण ‘ऑटो’वर नसेल तर बोगद्यात मागचे दिवे बंदच राहतात, तेवढं गाडी घेताना बघून घ्या. चमकणारं जाकीट चालकाच्या हाताशी हवं, डिकीत सामानाखाली नाही. दारूची मर्यादा रक्तात ०.२ प्रति हजार, म्हणजे एका बिअरनंतरही गाडी नको.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं? जुलैमध्ये खोल्याच मिळत नाहीत असं ऐकलं.

बरोबर ऐकलं. जुलैमधल्या तीन आठवड्यांत सगळ्या नॉर्वेची सामायिक सुट्टी असते आणि अर्धा देश याच किनाऱ्यावर असतो. जून संपता संपता जाणं सर्वांत चांगलं. सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो. पाणी थोडं गार असतं एवढंच.

ऑगस्टचा उत्तरार्ध शांत आणि पाणीही तापलेलं, पण शाळा सुरू झाल्या की बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या फेऱ्या कमी होतात. ऑगस्टच्या सुरुवातीला रिसोरला लाकडी बोटींचा उत्सव असतो. गोदी जुन्या होड्यांनी भरून जाते आणि गावात खोली मिळत नाही. ऑगस्टच्या मध्याला आरेंदालमध्ये राजकीय चर्चांचा मोठा आठवडा भरतो. त्या दिवसांत तिथे मुक्कामाचा विचारच नको.

संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवायची असेल तर गॉगल हाताशी ठेवा. इतक्या उत्तरेला सूर्य तासन्‌तास क्षितिजालगत रेंगाळतो आणि थेट डोळ्यांत येतो. तिन्हीसांजेच्या वेळी झाडीतल्या रस्त्यावर एल्क हरणं आडवी येतात. एल्क उंच असतो, धडकेत पाय मोडतात आणि धड काचेवर येतं. लाल त्रिकोणातली हरणाची पाटी शोभेला लावलेली नाही.

प्रश्न : सगळी घरं पांढरी का? आणि सगळी गावं सारखीच दिसतात असं एका सहलीहून आलेल्यांनी सांगितलं, ते खरं का?

समोरून पाहिलं तर सारखी दिसतात. जरा मागच्या बोळात जा. कित्येक घरांची समुद्राकडची बाजू पांढरी आणि मागची भिंत किंवा गोठा-गुदाम लाल असतं. लाल रंग लोहमातीचा, स्वस्त. पांढरा महाग : आधी शिशाचा, नंतर एकोणिसाव्या शतकात जस्ताचा. येणाऱ्या जहाजाला जी बाजू दिसणार तिच्यावर पैसे खर्च करायचे, मागच्या बाजूला कोण बघतंय!

पैसा आला लाकडातून. आतल्या रानातलं ओक आणि पाइन नदीने खाली यायचं आणि जहाजाने हॉलंड-इंग्लंडला जायचं. परतीला रिकामं जहाज डुगडुगू नये म्हणून तळाशी दगड-विटा भरून आणत. हॉलंडच्या चिनी मातीच्या फरशा इथल्या दिवाणखान्यांत आल्या त्या याच मार्गाने. मग शिडं गेली, वाफ आली. १८८६ मध्ये आरेंदालची बँक बुडाली आणि कित्येक जहाजमालक तिच्यासोबत. पुन्हा बांधायला पैसा उरला नाही म्हणून जुनं टिकलं.

टिकलं तेही आगीतून वाचून. लाकडी गाव, दाट वस्ती, वर वारा. रिसोर १८६१ मध्ये जळलं. चर्च आणि थोडी घरं तेवढी वाचली. म्हणजे आज दिसणारी बंदरावरची रांग त्या आगीनंतरची, आणि चर्च मात्र १६४७ चं. दोन्हींतला फरक खिडक्यांवर दिसतो : चर्चजवळच्या जुन्या घरांच्या काचा लहान तुकड्यांच्या, बंदरावरच्या मोठ्या. क्रिस्तियानसांद १८९२ मध्ये पेटलं, त्यातून पोसेबीएन हा भाग सुटला. शहर चौथ्या क्रिस्तियान राजाने १६४१ मध्ये आखलं, रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ. पोसेबीएनमध्ये त्या पटावर बैठी लाकडी घरं उभी आहेत.

आणखी एक गोष्ट बघायला सांगतो. भरती-ओहोटीचा फरक या किनाऱ्यावर अगदी थोडा असतो, अर्ध्या मीटरच्या आतच. त्यामुळे होडीघरं थेट पाण्यात खांब रोवून उभी करता आली. पाणी खरंच चढतं ते चंद्रामुळे कमी आणि नैर्ऋत्येच्या वादळामुळे जास्त.

गावागणिक काय वेगळं, हे थोडक्यात. रिसोरच्या वर चुन्याने रंगवलेला खडक आहे, खलाशांनी दुरून गाव ओळखावं म्हणून. पंधरा मिनिटांत चढता येतो. त्वेदेस्त्रांद उतारावर लटकलेलं, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव. तिथे इस्त्रीच्या आकाराचं, एका टोकाला निमुळतं होत गेलेलं घर आहे. क्रागेरोत चित्रकार एदवार्द मुंक १९०९ ते १९१५ राहिला आणि तिथला उगवता सूर्य त्याच्या ऑस्लो विद्यापीठातल्या भल्यामोठ्या चित्रात गेला. ग्रिमस्तादला हेन्रिक इब्सेन १८४४ मध्ये पंधराव्या वर्षी औषधाच्या दुकानात उमेदवारीला आला, १८५० पर्यंत राहिला आणि पहिलं नाटक तिथेच लिहिलं. आरेंदालमध्ये त्यूहोल्मेन ही जुनी वस्ती बघा. बाकी शहर आधुनिक आहे.

प्रश्न : ल्यूंगोर बेटावर गाडी नेता येते का? लहान मुलं सोबत आहेत.

नाही, आणि न्यायची गरजही नाही. ल्यूंगोर म्हणजे जवळजवळ चिकटलेली चार बेटं, रस्ते नाहीत, गाड्या नाहीत. येविंगपर्यंत गाडीने जा, तिथे वाहनतळावर ठेवा आणि बोटीने काही मिनिटांत पलीकडे.

उतरण्याआधी नावाड्याला दोन गोष्टी विचारा : शेवटची बोट किती वाजता, आणि ती कोणत्या धक्क्यावरून. बेटं वेगवेगळी असल्यामुळे उतरलात तिथूनच परत निघाल असं नाही. पलीकडच्या धक्क्यावर उभं राहून समोरून बोट जाताना बघायची पाळी येते ती यामुळेच. मुलांना तरंगजाकिटं घाला. धक्क्यांना कठडे नसतात.

हे बाहेरचं बंदर. शिडाच्या जहाजाला खोल आत असलेल्या गावातून वाऱ्याशिवाय निघता येत नसे, म्हणून जहाजं इथे येऊन वाऱ्याची वाट बघत, कधी आठवडाभर. त्यांच्या मुक्कामावर ही वस्ती जगली. ६ जुलै १८१२ रोजी याच सामुद्रधुनीत ब्रिटिश युद्धनौकेने डेन्मार्क-नॉर्वेची ‘नायादेन’ ही फ्रिगेट बुडवली. शंभराहून अधिक माणसं गेली. त्या अरुंद पाण्याकाठी उभं राहिलं की तोफांचं अंतर किती कमी होतं ते कळतं. 

ल्यूंगोर जमलं नाही तर आरेंदालच्या पोलेन बंदरातून उन्हाळ्यात मेर्दो बेटावर बोट जाते. तिथे जहाजाच्या कप्तानाचं घर जसंच्या तसं संग्रहालय म्हणून ठेवलं आहे. मुलांसाठी आम्ही हेच आधी सुचवू, पोहायला वाळूही आहे.

प्रश्न : टोल नाके कुठे आहेत आणि रोख लागते का? पार्किंगच्या पाट्या वाचता येत नाहीत.

नाके दिसणारच नाहीत. डोक्यावरच्या कमानीतून कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल भाड्याच्या कंपनीकडून तुमच्या कार्डावर येतं, कधी सहल संपल्यावर काही आठवड्यांनी. थांबायचं कुठेही नाही. ई-१८ वर आणि क्रिस्तियानसांद शहराभोवती टोल आहेत. कंपनी टोलवर स्वतःचं सेवाशुल्क लावते का, एवढं करार करताना विचारून घ्या.

पार्किंगच्या पाटीवर तीन प्रकारचे आकडे असतात. काळे साधे आकडे सोमवार ते शुक्रवार. कंसातले शनिवार. लाल आकडे रविवार आणि सणाचे दिवस. लाल आकडे नसतील तर रविवारी त्या पाटीचा नियम लागू नाही. ‘आव्गिफ्त’ शब्द दिसला तर पैसे द्यायचे. बहुतेक ठिकाणी मोबाइल ॲपने भरतात. घरून निघतानाच ॲपमध्ये कार्ड घालून ठेवा, कारण परदेशी कार्डाची खातरजमा करणारा ओटीपी ऐनवेळी येत नाही आणि मागे गाड्या उभ्या राहतात. चौकापासून आणि झेब्रा क्रॉसिंगपासून पाच मीटरच्या आत गाडी लावू नये.

मुळात जुन्या गावात गाडी आत घालूच नका. वरच्या वाहनतळावर ठेवून दहा मिनिटं उतरा.

प्रश्न : भाड्याने विजेची गाडीच मिळतेय. घ्यावी का?

घ्या. या मार्गावर जलद चार्जिंगची केंद्रं पुरेशी आहेत. एकदोन कंपन्यांची ॲप्स आधी घालून ठेवा आणि डिकीत टाइप-२ ची चार्जिंगची तार आहे का बघा, हॉटेलच्या संथ चार्जिंगच्या खांबाला ती आपली लागते. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, तिथेच तार काढा आणि निघा. मागचा माणूस वाट बघत असतो. पेट्रोलची घेतलीत तर पंपावर माणूस नसतो, चार आकडी पिन असलेलं कार्ड लागतं.

प्रश्न : खाण्यापिण्याचं काय? आमच्यात निम्मे शाकाहारी आहेत.

शाकाहाऱ्यांनी गावातल्या रेस्टॉरंटवर फार भिस्त ठेवू नये. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि किराणा शनिवारीच भरून ठेवा. रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद. बिअरची विक्री आठवड्यात रात्री आठला आणि शनिवारी सहाला थांबते. त्याहून कडक सगळं सरकारी दुकानात, ते आणखी लवकर बंद होतं.

मांसाहाऱ्यांनी मात्र कोळंबी चुकवू नये. होडीवरच समुद्राच्या पाण्यात उकडलेली असते, बंदरावर सालीसकट तोलून मिळते. माणशी अर्धा किलो धरा, निम्मं वजन सालीत जातं. डोकं धरून पिरगळा, सुटतं; मग पायांच्या बाजूने अंगठा घालून साल उलगडा आणि शेवटी शेपटी चिमटीत दाबून ओढा. ताजी असेल तर साल कडक आणि चकचकीत, शेपटी आत वळलेली. मऊ पडलेली, डोकं काळपट झालेली घेऊ नका. पांढऱ्या पावावर मेयोनीज, लिंबू आणि शेपू. पुन्हा शिजवायची नाही, रबर होते.

प्रश्न : किनाऱ्यावर तंबू ठोकता येतो म्हणे. कुठेही?

बिनशेतीच्या मोकळ्या जमिनीवर, राहत्या घरापासून किंवा सुट्टीच्या कॉटेजपासून १५० मीटर दूर, एका जागी दोन रात्री. हा सार्वजनिक हक्क आहे, पण या किनाऱ्यावर दर खडकामागे कुणाची तरी कॉटेज असल्याने १५० मीटर मिळणंच कठीण. खडकावर चालायला, पोहायला मात्र मोकळीक आहे, कुणाचं अंगण सोडून. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात किंवा रानाजवळ आग पेटवायला बंदी असते. खडकावरही शेकोटी नको, तापून त्याचे टवके उडतात.

हे गुळगुळीत खडक हिमनदीने घासलेले आहेत. त्यांवरच्या समांतर चिरा बर्फ कुठल्या दिशेला सरकला ते सांगतात. राखाडी, कोरड्या भागावर पाय घट्ट बसतो. पाण्यालगतच्या काळ्या किंवा हिरवट पट्ट्यावर पाय टाकू नका, तो साबणासारखा असतो.

प्रश्न : हा प्रवास स्वीडनच्या किनाऱ्याला जोडता येईल का?

येईल. सान्नेफ्योर्द ते स्ट्रोमस्ताद अशी गाड्यांची बोट आहे, सुमारे अडीच तास. किंवा होर्तेन-मोस ही अर्ध्या तासाची बोट घेऊन ई-६ ने खाली. तिकडचा बोहुसलेन प्रांत १६५८ पर्यंत नॉर्वेचाच होता. स्मोगेनचा लांबलचक लाकडी धक्का आणि मार्स्त्रांदचा किल्ला ही दोन ठिकाणं घ्या. मार्स्त्रांदलाही गाडी अलीकडच्या बेटावर ठेवून बोटीने जायचं. दोन्ही किनारे एका आठवड्यात बसवू नका.

प्रश्न : शेवटचा एक दिवस शिल्लक आहे. क्रिस्तियानसांदच्या पुढे जावं की लिल्लेसांदला थांबावं?

हवा शांत असेल तर लिल्लेसांद. गाडी तिथे ठेवा आणि ब्लिंदलेइयामधून क्रिस्तियानसांदला जाणारी उन्हाळी बोट घ्या. बेटांच्या आडून जाणारी ही पाण्याची गल्ली. शिडाची जहाजं उघड्या समुद्राला बगल देऊन हिच्यातून जात. घरांच्या पुढच्या बाजू तुम्हाला पहिल्यांदा सलग दिसतील, त्याही योग्य कोनातून. परत बसने या. बोट रोज नसते, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा.

वारा असेल तर लिंदेस्नेस. मांदालच्या पुढे मुख्य भूमीचं दक्षिण टोक, १६५६ पासून दीपगृह. सध्याचा बिडाचा मनोरा १९१५ चा. टोपी गाडीत ठेवून जा आणि दार उघडताना घट्ट धरा, वारा बिजागरी उलटी करतो. तिथल्या पाटीवर दुसऱ्या टोकाच्या नॉर्दकाप्पचं अंतर लिहिलंय : २,५१८ किलोमीटर.